पायाची वाटी

१

दुपारची भाकरी झाली की मी कांताचे तळपाय घासायचे. आमचं रोजचंच होतं ते. ती आडवी व्हायची, मी पायथ्याशी बसायचे, करडईच्या तेलात बोट बुडवून तळव्याला लावायचे आणि काशाच्या वाटीचं बूड टेकवून टाचेकडून बोटांकडे ओढायचे. आधी खर्र खर्र असा कोरडा आवाज. तेल पसरलं की तोच आवाज ओला व्हायचा, चप्प चप्प. मग तळवा काळा पडायला लागायचा, तव्याच्या बुडासारखा, आणि कांताचे डोळे मिटायचे.

कांता माझी धाकटी बहीण. दोघी विधवा, दोघींचं मिळून एक घर, टेंभुर्णीच्या अलीकडच्या एका गावात, वस्तीच्या अगदी तोंडाशी. बहात्तरच्या दुष्काळात ती सरकारी कामावर खडी फोडायला जायची. अनवाणी, तापलेल्या दगडावर. दुष्काळ गेला, पाऊस आला, विहिरींना पाणी आलं, पण तिच्या तळव्यांची आग काही विझली नाही. वाटी घासल्याशिवाय तिला झोप नसे, आणि झोप नसली की ती बसल्याजागी रडायची. आवाज न करता रडायची, ते मला बघवत नसे.

ती वाटी आमच्या आईची. तिच्यात कोणी जेवत नाही. पायाची वाटी वेगळी असते, कोनाड्यात, पालथी घातलेली.

लोक म्हणतात, काळं निघालं म्हणजे अंगातली उष्णता निघाली. मी म्हणते, काहीएक नाही. काशाला तेल लागलं, वर कातडी घासली, की काळं निघणारच. मी शाळेचं तोंड पाहिलं नाही, अक्षरं केस पिकल्यावर एकटीनं गिरवली, पण जे वाचलं ते चावून वाचलं. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव फडक्यात बांधून नदीला सोडले ते मी. नवरा बाहेर उभा राहून थरथरत होता. तेव्हापासून पाया पडणं, पाय धरणं यांची मला शिसारी आहे. कांता कितीदा म्हणायची, "आक्का, दे तुझे बी पाय, घासून देते." मी दिले नाहीत. ती आजारी होती म्हणून तिचे घासायचे. मला काय धाड भरली होती?

२

सरपंच अप्पारावांचा बद्रीनाथ मुंबईला मूर्ती घडवायचं शिक्षण घेऊन आला. लांब केस, खादीचा झब्बा, पायात कोल्हापुरी. दुष्काळाचं स्मारक करायचं म्हणाला. गावानंच गावासाठी केलेलं पाहिजे, म्हणून प्रत्येक घरानं काशाचं एक भांडं द्यावं. त्यात तांबं मिसळून तो मुंबईच्या भट्टीत ओतून आणणार. कशाची मूर्ती, ते सांगितलं नाही. कोणी म्हणालं बैल असेल, कोणी म्हणालं खडी फोडणारी बाई असेल. कांताला ते बाईचं फार आवडलं.

मी टेंभुर्णीच्या बाजाराला गेले होते. परत आले तर कोनाडा रिकामा.

"दिली," कांता म्हणाली. "समदे देऊन राह्यले, आपन कसं मागं राहावं? आपल्याकडं दुसरं कासं हाय कुठं?"

"आणि तुझे पाय?"

"तुझा हात हाय ना."

हातानं काही झालं नाही. मी तेल जिरवून जिरवून थकायचे, ती आढ्याकडे बघत पडायची. पाऊसपाण्याचे महिने तिनं असेच काढले. गालफडं बसली. दिवाळी उरकल्यावर ट्रक आला, कडब्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन.

कडबा ओढून काढला. तरस होतं.

हाडामासाच्या तरसाएवढं मोठं. पुढून उंच, मागून बसकं, मानेवर राठ केस, कान उभे. अंगावर बद्रीनाथच्या बोटांचे ठसे तसेच राखलेले, जणू कोणी कातडी चिमटून चिमटून ओढली आहे. तोंड अर्धं उघडं, दातांच्या फटीतून दिसेल न दिसेल अशी जीभ. खरं सांगते, काम चांगलं होतं. म्हणूनच जास्त घाण वाटलं.

बद्रीनाथनं भाषण केलं. दुष्काळात आपल्याबरोबर जे जगलं त्याचं हे स्मारक, म्हणाला. जगलं कशावर, ते त्यानं सांगितलं नाही. मी सांगते. दीक्षा घेतल्यावर आमच्या लोकांनी मेलेली ढोरं ओढणं सोडलं. दुष्काळात ढोरं पटापटा मेली, गावानं ती वस्तीच्या तोंडाशी आणून टाकली आणि हात झटकले. तरसं आली ती तिथं. आणि आता हे काशाचं धूड कोणाच्या दारापुढं नको म्हणून त्याचा ओटा बांधला तोही तिथंच, आमच्या खिडकीसमोर. आम्ही सोडलेल्या कामावर गावानं नवा गडी बसवला.

मी हे सगळ्यांच्या देखत बोलले. अप्पाराव म्हणाले, "कौसल्याबाई, तुमाला तर समद्यातच वास येतो."

वास तर येतच होता. तेव्हा वाटलं, कडब्याचा असेल.

३

बायका पांगता पांगता शेजारची तुळजाबाई माझ्या कानाशी आली. पदरात हसत होती.

"कोनाला सांगू नका, मावशी. चांगली ताटली काढवली न्हाई. म्या पायाची वाटी दिली."

मागून कोणीतरी म्हणालं, मी बी तीच. मग तिसरी, मग चौथी. पाटलाच्या वाड्यातून पायाची वाटी, धनगरांच्या घरून पायाची, आमच्या घरून पायाची. जेवायचं भांडं द्यायला प्रत्येकीचा जीव अडला आणि प्रत्येकीला वाटलं, बाकीच्या देतीलच की चांगलं. बायका हसून हसून खाली बसल्या. कांताही हसली, कितीक दिवसांनी.

मला हसू आलं नाही. मी ओट्यावरच्या त्या जनावराकडे बघत होते. एवढं मोठं धूड, आणि सगळं पायाच्या वाट्यांचं. तापातल्यांचे पाय, बाळंतिणींचे पाय, दुष्काळात अंथरुणावर मेलेल्या म्हाताऱ्यांचे पाय. गावातल्या भेगांमधून जे म्हणून निघालं, ते सगळं त्या वाट्यांनी पाहिलं होतं.

नंतर मी स्वतःलाच दटावलं. कासं वितळतं, त्याच्याबरोबर सगळं जळतं. भट्टीत काही उरत नाही.

४

कासं उघड्यावर पडलं की काळवंडतं. तरसही काळवंडलं. पोरं त्याच्या पाठीवर बसायची, कान धरून हाकायची, त्यामुळे पाठ आणि कान तेवढे पिवळे राहिले. हात लागतो तिथं चमक राहते, यात नवल नाही.

एका सकाळी ओट्याजवळून पाणी घेऊन येत होते. ऊन नेमकं त्याच्या तोंडात पडलं होतं, आणि आत जीभ चमकली. कान चमकतात तशी नाही. त्याहून जास्त. घासलेल्या तांब्यासारखी.

मी हंडा खाली ठेवला. दोन बोटं दातांच्या फटीत घातली. पेराच्या पुढे जाईनात. पोरांची बोटं जातील म्हणावं, तर पोरांची बोटं तेवढी लांब नसतात. बोटाचं टोक जिभेला जेमतेम टेकलं. तेलकट होती. बाहेर काढून वास घेतला. खवट तेल, आणि त्याच्याखाली दुसरा वास. तो मला ओळखू आला. इतकी वर्षं दुपारी मी ज्या वासाजवळ बसले, तो वास. तळव्यांच्या भेगांतल्या मळाचा.

मातीनं हात घासला, राखेनं घासला.

बद्रीनाथ दिसला तेव्हा विचारलं, जीभ कोण उजळतं रे? त्याला वाटलं मी कौतुक करते आहे.

"जीभ तर साच्यातून निघाली तशीच ठेवली, मावशी. खरखरीत. कानस आत जातच न्हाई. कोनाचा हात जानार?"

"चमकून राहिली आहे."

"उन्हाचं दिसत आसंल," म्हणाला, आणि जल्दी पाय उचलला. गावी राहायला आल्यापासून तो गुटगुटीत झाला होता. झोप पुरी झालेल्या माणसाचं तोंड होतं त्याचं.

५

त्याच सुमाराला कांता झोपायला लागली.

पहिल्या दिवशी मी भांडी घासून आत आले तर ती गाढ. किती बरं वाटलं म्हणून सांगू. मग पांघरूण सरकवायला गेले आणि तिचे तळवे दिसले. काळे. दोन्ही, टाचेपासून बोटांपर्यंत, तेलानं तुकतुकीत.

उठल्यावर विचारलं, कोणाची वाटी आणलीस? ती म्हणाली, कोणाचीच नाही. मला लपवालपवी खपत नाही. मी वस्ती पालथी घातली, मग गावात गेले. एका घरात पायाची वाटी सापडली तर शपथ. सगळ्यांचे कोनाडे रिकामे. सगळ्या बायका उंबऱ्याशी येऊन बोलल्या, आणि बोलताना प्रत्येकीनं लुगड्याचा काठ पावलांवर ओढून घेतला.

तुळजाबाई बसलेली होती. पाय मांडीखाली दुमडून घट्ट धरलेले.

"तुमच्या कांताबाईला झोप लागून राह्यली ना?" ती म्हणाली. "मंग झालं की. कशाला खोदून राह्यल्या?"

झोप. सगळं गाव झोपत होतं. दुपारी गल्लीतून जावं तर घराघरात माणसं आडवी, तोंडं उघडी, गालांवर लाळ. कोणाची कुरकुर नाही, भांडण नाही. मला त्या सुखाची किळस यायला लागली. डुक्कर चिखलात पडतं तेव्हा असंच पडतं.

रोज कांताचे पाय काळे, रोज मी धुवायचे. धुता धुता कळायला लागलं की खालचं कातडं बदलतं आहे. भेगा भरत नव्हत्या, पुसून जात होत्या. मग टाचेचा घट्टा गेला. मग तळव्याच्या रेषा. एके दिवशी मी तिचा पाय मांडीवर घेतला तर तो तान्ह्या पोराचा असावा इतका मऊ होता, गुलाबी, आतल्या शिरा दिसाव्यात इतका पातळ. आणि गार.

"कांते, तुला चालताना लागत नाही?"

"काहीच लागत न्हाई," ती म्हणाली. "चुलीतला इस्तू पायाखाली आल्ता काल. कळलंच न्हाई."

मी बघितलं. पावलाच्या कडेला फोड होता. तळव्यावर डाग नव्हता.

"आपण वाटूरला जाऊ. इंद्रायणीकडे." इंद्रायणी आमची भाची, तिथं शाळेत मास्तरीण.

कांता माझ्यावर कधी आवाज चढवत नसे. त्या दिवशी चढवला. "इतकी वर्सं आग सोसली म्या. आता थांबली तर तुला काय तरास होऊन राह्यला, आक्का? तुला कोनाचं सुखच बघवत न्हाई."

६

मी अप्पारावांकडे गेले. त्यांना म्हटलं, ते जनावर हलवा. वस्तीच्या तोंडाशी ते नको, आणि गावातही नको, मातीत पुरा. अप्पाराव बाजेवर लोळत होते, पाय माझ्याकडे करून. पूर्वी कधी केले असते तर मी उंबरा ओलांडून आत गेले नसते. आज मुद्दाम बघितले. दोन्ही तळवे काळे.

"अप्पाराव, पायाला काय लागलं?"

त्यांनी वाकून बघितलंसुद्धा नाही. पाय हळूच धोतरात ओढले. "काय लागनार? शेतातला माणूस मी." मग माझी नजर चुकवून म्हणाले, "र्‍हाऊ द्या बाई. बसलंय तिथं बसू द्या. हलवलं आन् झोप गेली तर?"

म्हणजे त्यांना माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं. कोणी कोणाशी बोलत नव्हतं एवढंच.

७

मी ठरवलं, आपण आपल्या डोळ्यांनी बघू. डोळ्यांनी बघितलेलंच मी मानते.

दुपारी दाराला अडसर घातला. कांता आडवी झाली, तिच्या पावलांवर मी गोधडीची घडी टाकली. मी खिडकीशी उभी राहिले. बसले नाही, न जाणो डोळा लागेल. समोर ओटा, ओट्यावर तरस, कान पिवळे, अंग काळं. ऊन सरळ डोक्यावर. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही.

बराच वेळ काही झालं नाही. मला माझंच हसू यायला लागलं. एवढी विचाराची बाई मी, आणि काशाच्या जनावरावर पहारा देत उभी. कांताच चोरून काहीतरी घासत असेल, एखाद्या झाकणीनं. आज सापडेल.

मग आवाज आला. खर्र. खर्र. खर्र.

मी ओट्याकडे बघत होते. जनावर तिथंच होतं. हललं नाही, कान नाही, शेपूट नाही. मला आधी सुटल्यासारखं झालं. बघा, म्हटलं, ते तिथं आहे. काशाचं धूड आहे, तिथंच आहे.

आवाज माझ्या पाठीमागे होता. आणि तो आता ओला झाला होता.

मी वळले. गोधडी तिच्या पावलांवरून खाली सरकलेली. पायथ्याशी कोणी नाही. कांता गाढ झोपलेली, पायाची बोटं फाकलेली. वाटी ओढली की तिची बोटं तशीच फाकायची, वर्षानुवर्षं मी बघितलेली. आणि तळव्यावर एक काळा पट्टा उमटत होता. टाचेकडून बोटांकडे. थांबला. मग त्याच्या शेजारी दुसरा, टाचेकडून बोटांकडे. वाटीच्या बुडाचा पट्टा गोल कडेचा असतो, मी ओळखते. हा तसा नव्हता. हा रुंद होता, मधे चिरलेला, आणि त्याच्या कडेनं लाळेसारखं काहीतरी खाली अंथरुणावर गळत होतं.

कांता झोपेत समाधानानं कण्हली.

मी काय ओरडले ते मला आठवत नाही. मी तिचे दोन्ही पाय उचलून माझ्या पदरात गुंडाळले आणि पोटाशी दाबून धरले. आवाज थांबला. पदराच्या बाहेरून, अगदी जवळून, कोणीतरी वास घेतल्यासारखा श्वास दोनदा ओढला गेला. माझ्या पायांशी.

अडसर दाराला तसाच होता.

८

संध्याकाळच्या एसटीनं आम्ही वाटूरला आलो. कांताला चालता येत नव्हतं, मी पाठीवर घेतली. ओट्याजवळून जाताना तिनं मान वळवून बघितलं. मी बघितलं नाही.

इथं तिला झोप नाही. आग होते का विचारलं तर म्हणते, आग न्हाई, काहीच न्हाई, तेच सोसवत न्हाई. चार घास खात नाही. इंद्रायणीनं डॉक्टर आणला, त्यानं तळव्याला टाचणी टोचली, कांता त्याच्याकडे नुसती बघत राहिली. मग इंद्रायणीनंच जालन्याच्या बाजारातून नवी काशाची वाटी आणली. कोरी, पिवळीधमक, आत तोंड दिसेल अशी.

आज दुपारी मी करडईचं तेल घेतलं आणि पूर्वीसारखी पायथ्याशी बसले. टाचेकडून बोटांकडे. हात भरून आले तरी घासत राहिले. काळं निघालं नाही. तळवा गुलाबी तो गुलाबीच, वाटी पिवळी ती पिवळीच. जणू मी चिनी मातीची बशी घासते आहे.

काशाला तेल लागलं की काळं निघणारच, असं मी आयुष्यभर लोकांच्या तोंडावर सांगितलं. म्हटलं, वाटीतच खोट असेल. दुकानदारानं फसवलं असेल. खात्री करायला मी माझाच पाय पुढे ओढला आणि तीच वाटी माझ्या तळव्यावरून एकदा फिरवली, फक्त एकदा.

काळाकुट्ट पट्टा उमटला.

वाटी चांगली होती. कांतामध्ये काढायला काही उरलं नव्हतं.

मी मान वर केली. ती उठून बसली होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा आपणहून उठून बसली होती, आणि माझ्या तळव्याकडे बघत होती. तोंडाला रंग आला होता. तिनं आवंढा गिळला.

"आक्का," ती म्हणाली, अगदी मायेनं, "लई थकलीस तू. हो आडवी. आज तुझे पाय मी करते."

तिनं माझ्या हातातून वाटी घेतली आणि कोनाड्यात नेऊन पालथी घातली. मग रिकाम्या हातांनी माझ्या पायथ्याशी येऊन बसली.